वेणूचा दुसरा भाग

मी मुलांसाठी लिहीत असलेल्या वेणूच्या कादंबरी-मालिकेतल्या पहिल्या भागाची गोष्ट चार वाक्यांत सांगून होते. दुष्काळात सारा भरता येत नाही, म्हणून प्रत्येक गावाने एक मूल गडावर द्यावं असा राजाचा हुकूम सुटतो. मुलगा द्यायला कुणी तयार नसतं, म्हणून गाव वेणूला देतं. गडावर भांडी घासता घासता ती चोरून तलवार शिकते. शेवटच्या प्रकरणात गडाचा सरनोबत शिलेदारीच्या उमेदवारांच्या वहीत तिचं नाव लिहितो.

दुसऱ्या भागासाठी असं काहीच हाताशी नव्हतं. नाव वहीत लागलं, आता पुढची काही वर्षं वेणूने पहाटे उठायचं, शिकायचं, पडायचं, झोपायचं. शिलेदारी मिळणार तिसऱ्या भागात, म्हणजे शेवटही उधार. प्रकाशक फोनवर म्हणाले, "मधात एखादं युद्ध टाका ना मॅडम." युद्ध टाकायला काय लागतं? पण पंधरा वर्षांच्या पोरीला लढाईत नेऊन जिंकवायचं, तर ती लढायला लायक कशी झाली ते आधी दाखवावं लागतं. मला तेच लिहायचं होतं. रोजचा सराव, तोही वाचणाऱ्याला जांभई न येता. पुस्तक अडलं तेही यावरच आणि निघालं तेही यातूनच.

मी वर्धा जिल्ह्यात राहते, पुलगावच्या बाजूला एका गावात. गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. मानधन सांगण्यासारखं नाही, पण पेपर वाचणारे म्हातारे संध्याकाळी उठून गेले की खोली, पंखा आणि ट्यूबलाइट माझी. घरी कपाशी, मधे तुरीचे तास, थोडं सोयाबीन. लिहिणं सगळं मोबाइलवर. लाइट गेली तरी मोबाइल चालतो, हा त्याचा मोठा गुण.

सुरुवात कारकुनीने झाली. कोणत्याही मालिकेचा दुसरा भाग लिहायचा तर पहिला भाग परक्यासारखा वाचावा लागतो. वाचनालयाच्या जुन्या दाखल नोंदवहीची कोरी पानं उरली होती, त्यात मी वेणूचा हिशेब मांडला. घोड्याचा रंग काळा की करडा, भुवईवरचा व्रण डावीकडे की उजवीकडे, गडाला दरवाजे किती, वेणूच्या गावाहून गडापर्यंत बैलगाडीने दिवस किती लागतात. मुलं हे सगळं मोठ्यांपेक्षा पक्कं लक्षात ठेवतात. पहिल्या भागाच्या एका वाचकाने मला विचारलं होतं, की वेणू आषाढात गडावर पोचली तर आठ दिवसांनी अंगणात हरभऱ्याचा घाटा कुठून आला. तेव्हापासून माझ्या राज्यातली पिकंही वहीत आहेत. कपाशी, तूर आणि हरभरा. ऊस नाही.

युरोपातले नाइट, म्हणजे चिलखत घालून लढणारे घोडेस्वार, कसे घडवत, ते मी आधीच वाचून ठेवलं होतं. चांगल्या घराण्यातला मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या सरदाराच्या घरी पेज म्हणून जायचा. ताटं वाढायची, निरोप पोचवायचे, घोड्यांत वावरायचं. चौदाच्या आसपास तो स्क्वायर व्हायचा. एका नाइटच्या हाताखाली राहून त्याचं चिलखत घासायचं, ते त्याच्या अंगावर चढवायचं, रणात त्याच्या मागे राहायचं. एकविशीच्या सुमाराला नाइट, तेही चिलखत आणि घोडा पोसण्याइतका पैसा असेल तर. चौदा ते एकवीस ही मधली सात वर्षं गोष्टी सांगणारे बहुतेक वेळा उडी मारून ओलांडतात. माझा अख्खा दुसरा भाग त्या वर्षांत होता.

सरावाच्या तऱ्हा मात्र वाचाव्या तितक्या रंगतदार. व्हेजिशियस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की नवख्या शिपायाला जमिनीत रोवलेल्या खांबावर वार करायला लावत, आणि त्याच्या हातातली लाकडी तलवार खऱ्यापेक्षा दुप्पट जड असे. हे पुस्तक मध्ययुगातही वाचलं जात होतं. क्विंटेन हे दुसरं साधन. उभ्या खांबावर फिरता आडवा दांडा, एका टोकाला ढाल, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. घोड्यावरून येऊन ढालीत भाला मारायचा आणि तसंच पुढे निघायचं. रेंगाळलात तर दांडा फिरून पिशवी पाठीत. फ्रान्सच्या मार्शल बुसिकोच्या चरित्रात आहे, की तो अंगावर चिलखत घालून शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांच्या जोरावर चढायचा. हे सगळं मी तीन प्रकरणांत ओतलं. कागदावर ते बरोबर होतं आणि मेलेलं होतं.

ते जिवंत केलं रविवारच्या पोरींनी.

आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींचा एक घोळका आहे. पहाटे नहराच्या रस्त्यावर धावतात, दिवसा कॉलेज किंवा वावर, संध्याकाळी वाचनालयात सामान्य ज्ञान आणि गणित. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो. ५० गुण मैदानाचे, मग लेखी परीक्षा. उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. हा आकडा या मुलींना जन्मतारखेसारखा पाठ असतो. एका रविवारी त्यांचं वाचन उरकल्यावर मी सहज म्हटलं, एक प्रकरण वाचून दाखवते, कंटाळा आला तर सांगा.

कंटाळा आल्याचं त्यांनी लगेच सांगितलं. पण का आला तेही सांगितलं, आणि ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

पहिला आक्षेप चिलखतावर. मी लिहिलं होतं की पूर्ण चिलखत चढवल्यावर वेणूचे गुडघे वाकतात, ती दोन पावलांत कोसळते.

"किती वजन असते त्याचं?"

"वीस ते पंचवीस किलो."

"अंगावर सारं वाटून ना? मंग काऊन पडते थे? वेचणीच्या दिवसांत तेवढं गाठोडं डोक्शावर घेऊन येतो आपण वावरातून."

बाकीच्या माना डोलावत होत्या. माझी वेणू कापसाच्या मुलखातली, गाठोडी वाहून मोठी झालेली. ती कशाला कोसळेल? खऱ्या चिलखतात माणूस धावू शकतो, घोड्यावर चढू शकतो, हे मीही वाचलं होतंच. क्रेनने उचलून नाइटला घोड्यावर ठेवायचे ही निव्वळ दंतकथा. चिलखताचा खरा जाच उकाड्याचा. आत जाड शिवलेला अंगरखा, वर लोखंड, वारा कुठून लागायचा? यावर मात्र मुलींकडे भरपूर सांगण्यासारखं होतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हात धावताना आधी घाम येतो, मग थांबतो, मग अंगावर काटा येतो, आणि काटा आला की मुकाट्याने सावलीत बसायचं. तोंडाला सुटलेल्या कोरडीची चव कशी असते, यावर त्यांची अर्धा तास चर्चा चालली. ती ऐकून मी वेणूला थंड दगडी गडावरून उचललं आणि सरहद्दीच्या एका उघड्या चौकीवर पाठवलं. जिथे नदी डिसेंबरातच आटते, भर उन्हात पहारा असतो आणि चिलखत पातळ कापडाने झाकून ठेवावं लागतं, नाहीतर हात लावला की चटका. पुस्तकाची अर्धी जागा त्या दिवशी बदलली.

दुसरा आक्षेप दंडावर. माझ्या लढाईच्या प्रसंगांत वेणूचे दंड भरून येत, दंड थरथरत, दंडात बळ संचारत असे.

"गोळा दंडानं नाई जात जी. पायानं जाते. मागच्या पायातून निंगते, कमरेतून फिरते, हात फक्त सोडते."

बोलणारीने उठून ते करूनही दाखवलं, टेबलावरचा जाडजूड शब्दकोश हातात घेऊन. पुढे मी अमरावतीला गेले होते तेव्हा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर बराच वेळ उभी राहिले. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. इथल्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. माझ्या वडिलांच्या पिढीला ही गोष्ट कितीदा सांगितली तरी पुरत नसे. लाठीकाठी मी लहानपणी पाहिलेली, पण लिहायच्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. पाय सोडून दुसरीकडे पाहूच नये, हे तेव्हा कळलं. दांडपट्ट्याचंही तेच. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी हातमोजा. मनगट आत बंद, त्यामुळे फिरवायचं ते खांद्याने आणि कमरेने. घरी येऊन मी प्रत्येक लढाईतून 'दंड' हा शब्द शोधला आणि जमेल तिथे वेणूच्या टाचा लिहिल्या. एका हाताची साधी तलवार सव्वा किलोच्या आसपास भरते, ती उचलायला बळ लागतच नाही. शंभराव्यांदा उचलताना पाय जागेवर ठेवायला लागतं. यानंतर खांबावर वार करण्याचं प्रकरण परत लिहिलं, तेव्हा त्यात वेणू तलवारीला हात लावण्यापूर्वी दोन पानं नुसती उभी राहायला शिकते. ही दोन पानं मला सगळ्या पुस्तकात जास्त आवडतात. प्रकाशकांना ती कापायची होती.

मग जादू.

वेणूला पहिल्या भागात एक शक्ती आहे. आमच्याकडे पाणाडी नारळ किंवा कडुलिंबाची दुबेळकी घेऊन वावरात फिरतात आणि बोअर कुठे घ्यायची ते सांगतात. पाणी लागलं तर त्यांचं नाव होतं, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. माझा काही त्यावर विश्वास नाही, पण गोष्टीत मी ते खरं मानलं. वेणूला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. दुसऱ्या भागात तिची ताकद वाढवायची, कारण मालिकांमध्ये ती वाढतेच. म्हणून मी असं योजलं, की समोरच्या माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा तिला ऐकू यायला लागतं आणि वार कुठून येणार ते आधीच कळतं. वाटलं, पोरी खूश होतील.

खोलीत कुणी काही बोलेना. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "हे तर कॉपी झाली ना जी."

दुसरीने री ओढली. "साऱ्यांनी पहाटी उठून मेहनत करायची अन् इले पेपर आधीच माहीत. आमाले नाई आवडली."

भरतीचा पेपर फुटल्याच्या बातम्यांनी या मुलींची झोप उडते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं असं नाही, पण त्यांचा राग कुठून आला ते मात्र कळलं. मी जादू उलटी फिरवली. दुसऱ्या भागात ती वाढत नाही, महाग होते. पाणी ऐकलं की वेणूला तहान लागते, आणि ती कितीही प्यायली तरी दिवस-दिवस भागत नाही. आटलेल्या नदीकाठच्या चौकीवर एवढी तहान परवडत नाही. शिवाय गडाच्या परीक्षेत ती वापरायची नाही, असा नियम खुद्द वेणूच मागून घेते. लिहिताना बाकी गाठीही त्याने सुटल्या. जादू आखडती घेतल्यावर सरावाला किंमत आली.

एका रविवारी एकीने बाकीच्यांकडे न बघता विचारलं, "इची पाळी येते का नाई?"

हसण्याची लाट येऊन गेली, मग सगळ्या गंभीर. तालमीच्या दिवशी पाळी आली की काय होतं, मैदानी चाचणीची तारीख नेमकी त्या दिवसांत आली तर गोळ्या घ्याव्या की नाही, चौकीवर सगळे पुरुष असताना कापड वाळवायचं कुठे. यातला शेवटचा प्रश्न वेणूचा, पण तो कुठल्या मुलीच्या अनुभवातून आला ते मी विचारलं नाही. त्यावर एक पूर्ण प्रकरण झालं. त्यात वेणूला मदत करते ती चौकीवरची स्वयंपाकीण, आणि वेणूच्या म्हाताऱ्या गुरूला काही कळत नाही. कळत नाही म्हणून तो त्या दिवशी उगाच चिडतो, आणि दुसऱ्या दिवशी कळल्यावर आणखी चिडतो, स्वतःवर. प्रकाशकांकडून विचारणा झाली की शाळांमध्ये पुस्तक जायचं असेल तर हे प्रकरण हवंच का. मी म्हटलं, पुस्तक ज्या वर्गासाठी आहे त्या वर्गातल्या निम्म्या वाचकांना हे माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांना माहीत व्हायला हरकत नाही. प्रकरण राहिलं.

"अशी खरीच कोणी होती काय?" हा प्रश्न येणार होताच. मी जोन ऑफ आर्कबद्दल सांगितलं. शेतकऱ्याची पोर, १४२९ मध्ये चिलखत घालून ऑर्लिआँला गेली आणि इंग्रजांचा वेढा उठला. १४३१ मध्ये तिच्यावर धर्माचा खटला चालला, आणि तिने पुरुषांचे कपडे घातले हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. तिला जिवंत जाळलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची असावी. युद्धाबद्दल कुणी काही विचारलं नाही. "कपड्यावरून?" एवढंच दोघी-तिघींनी एकदम म्हटलं. या पोरी पहाटे अंधारात ट्रॅक पँट घालून धावतात आणि उजाडायच्या आत वर ओढणी घेऊन घरी येतात, कारण पारावर बसणाऱ्यांना ८०० मीटर दिसत नाही, पँट दिसते. मी वेणूच्या गावभेटीच्या प्रकरणात हे जसंच्या तसं घातलं, पँटऐवजी सुरवार एवढाच फरक.

घोड्यांचे मात्र हाल होते. घोडा आमच्या भागात वरातीत दिसतो, तोही बँडच्या आवाजाने वैतागलेला. शर्यतीचं अंग मी शंकरपटातून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतून घेतलं. पुलगावहून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि पुढे तळेगाव दशासर, जिथला पट आमच्याकडे फार नावाजलेला. २०१४ च्या निकालाने शर्यती बंद पडल्या होत्या, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाल्या. तिथे बायकाही जोड्या हाकतात, हे ऐकून होते. सुटलेली जोडी हाताळताना धुरकऱ्याचे हात जनावराला ओढत नाहीत, नुसते त्याच्याबरोबर जातात. क्विंटेनचा प्रसंग मी त्या हातांवरून लिहिला. घोड्याच्या अंगाचं बाकीचं सगळं पुस्तकातून, त्यामुळे घोडा थोडा बैलासारखा वागतो असं कुणाला वाटलं तर वाटो.

चंद्रपूरला जाणं दुसऱ्याच कामाने झालं, पण तिथला परकोट बघितला नसता तर पुस्तकातली राणी आली नसती. जटपुरा दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलाय, गोंड राजांची खूण. अंचलेश्वराच्या देवळाजवळ राजा बीरशाहाची भव्य समाधी आहे, ती त्याच्या विधवा राणीने, हिराईने बांधली. मग दत्तक मुलगा रामशाहाच्या नावाने तिनेच राज्य चालवलं. समाधीसमोर उभं राहून मला वाटलं, की माझ्या गोष्टीत सगळी माणसं तलवारीवर बोलतात, राज्य चालवण्यावर कुणीच नाही. म्हणून दुसऱ्या भागात एक राणी आली, जिला तलवार धरता येत नाही पण सारा किती, धान्य कुठे आणि तट कोणत्या बाजूने खचलाय हे तोंडपाठ आहे. वेणूच्या गावाकडून मूल मागणारा तो हुकूम रद्द कसा करायचा, हे तीच सांगते. ती हिराई नव्हे. हिराईवरून सुचलेली आहे.

मधे वेचणीने लिहिणं थांबलं, मग लग्नसराई. आमच्या घोळक्यातल्या एकीकडे पाहुणे येऊन गेले आणि ती रविवारी येईनाशी झाली. तिच्या जागी कुणी बसलं नाही, पण जागा ठेवलीही नाही, वाचनालयात खुर्च्या तेवढ्या नाहीत. अक्षरजुळणीच्या वेळी मोबाइलवरचा मजकूर जुन्या फॉन्टात नेताना जोडाक्षरं फुटली, आणि 'शिलेदार' सोडून बाकी सगळं तपासावं लागलं.

शेवटावरून मात्र खरं भांडण झालं. दुसऱ्या भागाच्या अखेरीस गडाची वार्षिक परीक्षा आहे आणि वेणू त्यात थोडक्यात राहते. बहुतेकींना ती पास व्हायला हवी होती. "एवढी मेहनत करून?" असं म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. त्या वर्षी आमच्यातली एक अंतिम यादीत अगदी थोड्या गुणांनी राहिली होती. तिच्यासमोर ते प्रकरण वाचावं की नाही, यावर मी बराच विचार केला, शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली वाचा. वाचून झाल्यावर म्हणाली, "नापास झाल्यावर थे लगेच रडते असं लिवलं तुमी. लगेच नाई रडत. आधी जेवते. मंग घरचे झोपले का मंग." मी तेवढी ओळ बदलली, निकाल नाही.

पुस्तक आलं. वाचनालयाची प्रत रीतसर दाखल करून कपाटात लावली. घोळक्यातली सगळ्यात धाकटी, जी अजून अकरावीला आहे, ती प्रत घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आदळून म्हणाली, "असा शेवट असते काय? पैसे वापस द्या."

वाचनालयाची वर्गणीही तिने अजून भरलेली नाही.